नावाच्या मागून अंगठा फिरवा

योकोहामा,
१४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटात दोन कार्डं घातली आहेत. आधी ती हातात घ्या, मग पत्र वाचा. ‘गोंदणाऱ्याची व्हिजिटिंग कार्डं करतेय’ म्हटल्यावर तुम्ही फोनवर गप्प झालात आणि आई मागून म्हणाली, ‘म्हणजे गुंडांचंच काम ना?’ तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आईची भीती अगदीच खोटी नाही. इथे जपानात पूर्वी शिक्षा म्हणून गुन्हेगारांना गोंदायचे. १८७२ मध्ये सरकारनं गोंदण्यावर बंदी घातली, ती १९४८ मध्ये उठली. गोंदायला डॉक्टरकीचा परवाना लागत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं सांगेपर्यंत २०२० उजाडलं. अजूनही गरम पाण्याच्या कितीतरी स्नानगृहांत अंगावर गोंदण दिसलं की दारातून परत पाठवतात. पण आईला हेही सांगा, की जुन्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, आगी विझवायला धावणारे लोक पाठभर ड्रॅगन गोंदवून घ्यायचे. ड्रॅगन पाण्याचा, तो आगीपासून राखेल ही श्रद्धा.

मी ज्यांचं काम केलं त्यांना सगळे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतात. लांब दांडीच्या टोकाला सुयांची जुडी बांधून ते हातानंच गोंदतात. डाव्या हातानं कातडी ताणायची, त्याच हाताच्या अंगठ्यावर दांडी टेकवायची आणि उजव्या हातानं सुया आत सारायच्या. शाक-शाक असा बारीक आवाज येत राहतो. अख्खी पाठ भरायची म्हणजे वर्षांचं काम. या कारागिराला ‘होरिशी’ म्हणतात. ‘होरु’ म्हणजे कोरणं. छपाईसाठी लाकडी ठसे कोरणाऱ्यालाही इथे हाच शब्द आहे. वाचून मला इतका आनंद झाला बाबा! माणूस आपल्याच घरचा, छपाईवाल्यांचाच निघाला.

पहिला नमुना मी उत्साहात केला होता. काळा कागद, सोनेरी ड्रॅगन. सेन्सेईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, ‘मी जे करतो ते कपड्याखाली राहतं. हे कार्ड खिशातच राहायला तयार नाही.’ मग त्यांनी छातीचं एक रेखाटन दाखवलं. दोन्हीकडून लाटा, ढग, फुलं येतात, पण मधोमध गळ्यापासून खाली एक पट्टी कोरी सोडलेली. समोरून अंगरखा उघडा असला तरी गोंदण दिसत नाही. तिला ‘मुनेवारी’ म्हणतात. कार्डाचा आराखडा मला तिथेच मिळाला.

आता हातातलं कार्ड उलटं करा. दोन कडांनी राखाडी लाटा आल्यात आणि मध्ये काही नाही. पुढच्या बाजूला उभं नाव, कडेला बारीक फोन नंबर. पत्ता नको म्हणाले, लोक ओळखीनंच येतात. नाव त्यांनी स्वतः कुंचल्यानं लिहिलं, त्याचा छपाईचा ब्लॉक करून घेतला. माप इथलं नेहमीचं, ९१ बाय ५५ मिमी, कागद एचिझेनचा हातकागद. शाई नुसती काळी नाही, त्यात निळ्याचा थेंब आहे. काळी शाई कातडीखाली मुरली की निळसर दिसते, म्हणून.

खरी अडचण छापताना आली. हल्ली इथेही अक्षर कागदात खोल रुतलेलं गिऱ्हाइकाला आवडतं, त्यामुळे छापखानावाल्यानं दाब चांगलाच वाढवला. पुढून सुरेख दिसत होतं. सेन्सेईंनी मात्र कार्ड उलटं करून मधल्या कोऱ्या पट्टीवरून अंगठा फिरवला. नाव नेमकं तिथेच मागून उठलं होतं. म्हणाले, ‘सुई फार खोल गेली. अशानं कातडीत शाई फुटते.’

बाबा, माझ्या अंगावर काटा आला. मिरजेच्या छापखान्यात ट्रेडलवरून निघालेली पहिली पत्रिका तुम्ही अशीच उलटी करायचात, डोळे मिटून मागून बोट फिरवायचात आणि ‘अक्षराचा खिळा टोचतोय’ म्हणून मशीन थांबवायचात. दहा वर्षांची मी शेजारी स्टुलावर बसून बघत असायचे. पुढे मी कॉम्प्युटरवर कामं करायला लागले आणि कागद उलटून बघणं विसरूनच गेले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः मशीनपाशी उभी राहिले. दाब कमी व्हावा म्हणून ब्लॉकसमोरच्या गादीतले दोन कागद काढायला लावले आणि सातव्या-आठव्या प्रतीला नाव कागदावर नुसतं टेकलं. तुम्हाला पाठवलेली कार्डं त्यातलीच आहेत. नावाच्या मागून अंगठा फिरवा आणि काय वाटतं ते मला स्पष्ट कळवा. टोचत असेल तर तसंच लिहा.

आणखी एक काम आहे. आजीच्या हातावर गोंदण आहे हे मी सेन्सेईंना सांगितलं. ते लगेच विचारायला लागले, कोणी गोंदलं, कशानं, तेव्हा ती केवढी होती, त्या आकृतीला काय म्हणतात. मला ‘तुळस’ एवढंच सांगता आलं. उजेडात तिच्या हाताचा फोटो काढून पाठवा आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. आईला आणि आजीला नमस्कार.

तुमची,
चिऊ