शनिवारच्या मंडळींचे आभार

सोलापुरातल्या वेगवेगळ्या महाविद्यालयांतून शनिवारी तास संपल्यावर एकत्र बसणाऱ्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींनो, तुमचे मनापासून आभार. अक्कलकोट-बार्शीहून एसटीने येणाऱ्यांचे तर जास्तच.

हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून वापरत आलेली पद्धत तुम्ही मला शिकवलीत. संकल्पनेवर एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर निवडायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं आणि पुन्हा मत नोंदवायचं. माझ्या भौतिकशास्त्राच्या वर्गात ही चर्चा आता मराठी, कन्नड, तेलुगू अशी रंगते. कधीच न बोलणाऱ्या मागच्या बाकावरच्या मुली घर्षणावरून हुज्जत घालतात, आणि ती खरंच ऐकण्यासारखी असते! मत नोंदवायला महागडं यंत्र लागत नाही, अ-ब-क-ड लिहिलेले पुठ्ठेही पुरतात, हेही तुमच्याचमुळे कळलं.

मूडल ही ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली बसवून देणारे संगणक विभागातले सर, आयआयटी मुंबईची सॉफ्टवेअर शिकवणारी स्पोकन ट्युटोरियल्स मराठीतूनही आहेत हे सांगणाऱ्या ग्रंथपाल मॅडम, आणि आमच्यासाठी उशिरापर्यंत प्रयोगशाळा उघडी ठेवणारे शिपाईमामा, तुमची नावं कुठल्याच अहवालात येत नाहीत. मला ते खटकतं. माझे विद्यार्थी मात्र तुम्हाला ओळखून आहेत.

पुढच्या शनिवारी चहा माझ्याकडून.