आईच्या जागेवर बसून बघणाऱ्या रंगारीकाकांना

रंगारीकाका,

सप्रेम नमस्कार.

हॉलचं काम संपलं, तुमचा हिशेब झाला, ब्रश धुऊन, शिडी खांद्यावर टाकून तुम्ही गेलात. व्यवहार म्हणून बघितलं तर विषय तिथेच संपला. निघताना मी तुम्हाला ‘थँक्यू काका’ म्हटलं, पण तेवढं तर मी लिफ्टचं दार धरून ठेवणाऱ्यालाही म्हणते. त्यामुळे मनाला चुटपुट लागून राहिली आहे. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण यातलं बरंचसं तुमच्यासाठी असलं तरी थोडं तुमच्या आधी येऊन गेलेल्यांसाठीही आहे. तुम्ही म्हणाला होतात, मोबाइलवरचं बारीक अक्षर दिसत नाही, लेक वाचून दाखवते. ताई, सावकाश वाचा. तुमच्या बाबांना मध्येच ‘पुरे पुरे’ म्हणू देऊ नका.

आधीच्यांचं आधी उरकते. पहिले आले ते स्वतःला डिझायनर म्हणवणारे. दारातूनच त्यांनी मोबाइल फिरवून फोटो काढले, टेपने मापं घेतली आणि आम्ही भाडेकरू आहोत हे दोनदा सांगूनही फॉल्स सीलिंगचा अंदाजपत्रकासकट आराखडा पाठवला. छत मालकाचं, खर्च आमचा, आणि घर सोडताना ते छत काही बॅगेत भरून नेता येणार नाही! आमच्याकडे खर्चायला किती आहे ते सांगितल्यावर त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. दुसरा होता रंगारीच. त्याने आगाऊ रक्कम घेतली, ओल असलेल्या भिंतीवर थेट रोलर फिरवला आणि पावसाळा संपायच्या आत पोपडे सुटले. बोलावलं तर म्हणे, ‘घरच जुनं आहे मॅडम.’ घर जुनं होतं हे रंग लावतानाही दिसतच होतं की! घरमालकांचा सिद्धान्त आणखी सरस: भिंत त्यांची, पण तिच्यावरची ओल आमची. ओळखीपाळखीतल्यांचं तर एकच पालुपद, ‘भाड्याच्या घराला कोण एवढं करतं?’

हे ऐकून ऐकून मलाही तसंच वाटायला लागलं होतं. हॉल बघवत नव्हता. दिवाणासमोरच्या भिंतीवर ओलीचा नकाशा, त्याच्या कडेने पांढरी भुकटी, वर डोळ्यांत घुसणारी ट्यूबलाइट, खिळ्यांची भोकं, टीव्हीमागे लोंबणाऱ्या वायरी. पाहुणे येणार म्हटलं की मी आधी कारणं जुळवायला लागायचे.

आणि मग तुम्ही आलात. भिंतीकडे बघायच्या आधी विचारलंत, ‘या खोलीत जास्तीत जास्त वेळ कोण बसतं? आणि कुठे?’

आईने दिवाणावरून जरा संकोचूनच हात वर केला. गुडघ्यांमुळे तिचा अख्खा दिवस तिथेच जातो. तुम्ही तिला म्हणालात, ‘आई, दोन मिनिटं तुमच्या जागेवर बसू का?’ ती बाजूला सरकली. कपड्यांवर रंग होता म्हणून तुम्ही खांद्यावरचं फडकं दिवाणावर पसरलंत, मग त्यावर बसलात. पाठ टेकलीत. आईच्या डोळ्यांची उंची कुठे येते ते बघायला थोडे खाली घसरलात. मान इकडे-तिकडे वळवून बघत राहिलात. मग मला ट्यूब लावायला सांगितलीत आणि तुमचेच डोळे बारीक झाले. ‘आई, तुम्ही हे रोज सोसता?’ असं तुम्ही विचारलंत. त्यावर आई काहीच बोलली नाही, पण त्या संध्याकाळी तिने मला स्वतःहून सांगितलं की ट्यूबमुळे संध्याकाळी तिचं डोकं दुखतं. इतक्या दिवसांत एकदाही बोलली नव्हती. आपलं घर नाही, कशाला कुरकुर करायची, असं तिला वाटायचं म्हणे.

काका, मी आभार मानतेय ते या बसण्याचे. रंग छानच झालाय, पण छान रंग देणारे इतरही असतील. आमच्या जागी बसून आमची खोली बघणारे तुम्ही एकटेच भेटलात.

पुढचं सगळं त्या बसण्यातूनच निघालं. आमचा हात आखडता आहे हे मी चाचरत सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, ‘मग चारही भिंती कशाला? आईंना इथून जेवढं दिसतं तेवढ्यावर पैसा घालू. पाठीमागच्या भिंतीकडे बघतंय कोण?’ इतका साधा हिशेब त्या आराखडेवाल्यांना सुचला नव्हता. सुचला असता तर बिल लहान झालं असतं, हेही खरंच.

समोरच्या भिंतीवरून तुम्ही तळहात फिरवून मला दाखवलात, तर तो पांढराफटक. जुन्या डिस्टेंपरची ही भुकटी, नवा रंग हिच्यावर बसतो, भिंतीवर नाही, म्हणून खरवडल्याशिवाय आणि प्रायमर मारल्याशिवाय काहीही लावलं तरी ते सुटणारच, हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. मग बोटाच्या पेराने ठोकत ठोकत गेलात. जिथे आवाज पोकळ आला तिथे पेन्सिलने गोल केलात. ओलीच्या जागी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केलात आणि म्हणालात, ‘दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या अंगाला आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या अंगाला आले तर खोलीतला दमटपणा.’ आतल्या अंगाला आले. भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे, नळाचा सांधा गळत होता.

खरं तर तेव्हाही तुम्हाला रंग लावून मोकळं होता आलं असतं. आम्ही तर हो म्हणूनच बसलो होतो. तुम्ही चक्क काम नाकारलंत. पाणी रंगामागे अडकतं, भिंतीतले क्षार पृष्ठभागावर येऊन सुकतात आणि रंगाला मागून ढकलतात, त्यामुळे वरून कितीही भारी डबा आणला तरी फुगा येणारच, असं म्हणालात. ‘आधी प्लंबर, मग भिंत सुकू दे, मग मला फोन करा.’ हातात आलेलं काम पुढे ढकलणारा कारागीर मी तरी पहिल्यांदाच बघितला. घरमालकांशी झालेल्या बोलण्याचा तपशील इथे देत नाही, इतकंच सांगते की त्या प्लास्टिकच्या तुकड्याचा फोटो पाठवल्यावर ओल एकदम आमची राहिली नाही.

भिंत सुकेपर्यंतचे दिवस आम्हाला जड गेले. मी मध्ये एकदा तुम्हाला फोन करून घाईही केली, तुम्ही शांतपणे ‘अजून नाही’ म्हणालात. पण तेवढ्यात तुम्ही सांगितलेली बिनखर्चाची कामं होऊन गेली. बाकीच्या तीन भिंतींचा रंग धुता येण्यासारखा होता, त्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ स्पंजाने पुसल्या. दोन छटा उजळल्या, शपथ. टीव्ही हलवला, वायरी एकत्र बांधून पट्टीत घातल्या. दिवाणाचा कव्हर-सेट जुन्याच पडद्यांतून शिवून घेतला. हे सगळं कुणीही करू शकतं हे खरं, पण आधी कुणी सांगावं तर लागतं!

रंग निवडतानाचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेड कार्डवरचा चौकोन बोटाएवढा, तोच रंग अख्ख्या भिंतीवर गेला की गडद वाटतो, असं म्हणून तुम्ही पुठ्ठ्याचे मोठे तुकडे रंगवून आणलेत आणि ते त्या भिंतीला टेकवून ठेवून गेलात. सकाळी बघा, दुपारी बघा, दिवा लावून बघा. आईला कुणी शेवटचं कधी विचारलं होतं की तुला कुठला रंग हवा? ती दिवसभर त्या पुठ्ठ्यांची जागा मला बदलायला लावत होती. मला करडा आवडला होता. तिने फिकट हळदी निवडला आणि तुम्ही तिची बाजू घेतलीत. खोलीला उत्तरेची खिडकी, उजेड मुळातच थंड, करडा आणखी मलूल दिसला असता, असं कारणही दिलंत. माझं नाक थोडं कापलं गेलं, पण पटलं.

आणि ती रात्र, म्हणजे काळोख पडल्यावर तुम्ही मुद्दाम परत आलात तो प्रसंग. भिंत सपाट करायला लावलेली पुट्टी सुकली होती. घरातले सगळे दिवे बंद करायला लावून तुम्ही मोबाइलची बॅटरी भिंतीला अगदी चिकटवून धरलीत आणि हळूहळू सरकवत नेलीत. मला सपाट दिसणाऱ्या भिंतीवर टेकाडं आणि खड्डे उभे राहिले! प्रत्येकाभोवती पेन्सिलीचा गोल. दुसऱ्या दिवशी 180 चा पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक 220 चा, तळहाताने चाचपून पुन्हा थोडा. खिडकीचा उजेड या भिंतीवर तिरका पडतो, त्यामुळे आईला एक-एक उंचवटा दिसणार, असं तुम्ही तोंडातल्या तोंडात म्हणत होतात. म्हणूनच चकाकी असलेला रंग नको, मॅट घेऊ, तो चुका झाकतो, हेही. दोन्ही डबे एका बादलीत एकत्र केलेत, छटेत फरक नको म्हणून. एका कोपऱ्यातून सुरू केलंत ते दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न थांबता. मध्ये तुमचा फोन वाजत होता, तुम्ही बघितलासुद्धा नाहीत.

दिव्याचं श्रेय तर पूर्ण तुमचं, आणि ते तुमच्या धंद्यातलंही नाही. ट्यूब 6500 केल्विनची, निळसर पांढरी, तीही थेट नजरेच्या रेषेत. तुम्ही म्हणालात, संध्याकाळी ती लावूच नका, आईंच्या मागे खांद्याच्या उंचीला एक साधा दिवा ठेवा आणि बल्ब घेताना खोक्यावर 2700 किंवा 3000 केल्विन, म्हणजे पिवळसर उजेडाचा, असं लिहिलेलं बघा. अडगळीतला एक जुना टेबललॅम्प पुसून तिथे ठेवला. बल्ब तेवढा नवा. हॉलवरच्या सगळ्या खर्चात सगळ्यात स्वस्त वस्तू हीच आणि सगळ्यात जास्त फरक हिनेच पडला. हे मी आता भेटेल त्याला सांगत सुटलेय, लोक माझ्यापासून थोडे लांब राहायला लागलेत.

भाड्याच्या घरात राहणाऱ्याला एक सवय लागते, काका. स्वतःला पाहुणं समजायची. खिळा ठोकताना विचारायचं, भिंतीला टेकायचं नाही, काही मागायचं नाही. आणि समोरचेही आपल्याला तसंच वागवतात, कारण हे काय, आज आहेत, उद्या नाहीत. पण आज आहेत ना! भाडं आजचं भरतात, पाठ आज दुखते, डोळे आज चुरचुरतात. तुमच्यासारखी काही माणसं मात्र कागदावर मालक कोण आहे हे न विचारता राहतं कोण ते विचारतात. एक नर्सबाई मला आठवतात, त्या इंजेक्शन द्यायच्या आधी सुई लपवायच्या नाहीत, आईला दाखवून सांगायच्या. एक टेलरमास्तर होते, ते उसवलेली शिवण बघितली की न सांगता दुसरीही तपासून द्यायचे. अशी माणसं कुठल्या शाळेतून निघतात कोण जाणे. त्यांच्या कामाला वेगळा दर लावलेला मी कुठे पाहिलेला नाही. आणि याच जगात ते फॉल्स सीलिंगवालेही राहतात, त्यांची कार्डं जास्त गुळगुळीत असतात.

जाताना तुम्ही उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवलात, वर शेडचा नंबर लिहिलात, आणि दुसऱ्या चिठ्ठीवर भिंतीच्या जुन्या रंगाच्या सगळ्यात जवळचा नंबर. ‘घर सोडताना मालकांनी पहिल्यासारखं करून मागितलं तर शोधाशोध नको.’ चिठ्ठी मी भाडेकराराच्या फायलीत लावून ठेवली आहे. त्या फायलीत माझ्या बाजूने बोलणारा तो एकमेव कागद आहे.

आता थोडं भांडण. प्लास्टिकवाली फेरी, पुठ्ठे आणि रात्रीची ती बॅटरीची खेप, यांचे पैसे तुम्ही हिशेबात धरलेच नाहीत. मी विचारलं तर ‘ते कामातच आलं’ म्हणालात. नाही आलं, काका. वरच्या मजल्यावरच्या काकूंना तुमचा नंबर दिला आहे, त्यांच्याही भिंतीला ओल आहे, आणि त्यांना मी आधीच बजावून ठेवलंय की बघायला येण्याचेही पैसे द्यायचे. तिथे याल तेव्हा आमच्याकडे डोकावून जा. आईने बाल्कनीच्या दाराच्या चौकटीबद्दल तुम्हाला काहीतरी विचारायचं ठरवून ठेवलंय. मला सांगत नाही, म्हणते तुला त्यातलं कळत नाही. आणि हो, तुमचं ते फडकं दिवाणाखाली राहिलंय. धुऊन ठेवलं आहे.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरू