चिमीच्या शाळेच्या अर्जाबद्दल

प्रिय आई-बाबा,

येशूच्या नावाने सलाम.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबांनी फोन ठेवून दिला असता, म्हणून लिहिते. चिमीच्या पहिलीच्या अर्जात धर्माच्या रकान्यात आम्ही 'ख्रिश्चन' लिहिलंय. जातीचा दाखला जोडला नाही आणि पुढेही काढणार नाही. अर्ज देऊन झालाय.

बाबा, चष्मा काढून ठेवू नका, पुढे वाचा. तुम्ही कागदावर हिंदू लिहून जातीचा दाखला काढलात तो आमच्या पोटासाठी काढलात, आणि त्या दाखल्यावर मी शिकले हे मी विसरलेली नाही. राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानं आपल्यासारखा माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीतून बाहेर पडतो. शिखांना १९५६ मध्ये आत घेतलं, बौद्धांना १९९० मध्ये, आपल्याला अजून नाही. गावकुसाबाहेरचं घर बाप्तिस्म्यानं गावात येत नाही, हे सरकारला कोण सांगणार? अन्याय त्या आदेशात आहे. त्याचं ओझं तुम्ही उगाच आपल्या डोक्यावर घेऊन बसता.

पण चिमीचं पुढचं बघा. व्यावसायिक शिक्षणाला जायचं तर नुसता दाखला चालत नाही, जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. वंशावळ द्यायची, १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा वडिलांकडचा पुरावा द्यायचा (आपल्याकडच्या जुन्या नोंदी निजामाच्या वेळच्या, म्हणजे उर्दूत, त्या वाचून घ्यायच्या), आणि शंका आली की दक्षता पथक थेट गावात येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुद्दुचेरीच्या एका बाईचा दावा फेटाळला. बाप्तिस्मा झालेला, चर्चमध्ये नेमानं जाणं, आणि दाखला मात्र हिंदू म्हणून मागितलेला. श्रद्धा नसताना फक्त सवलतीसाठी धर्म सांगणं ही राज्यघटनेची फसवणूक, असं कोर्टानं म्हटलं. मग सतरा-अठरा वर्षांच्या पोरीनं घरी प्रार्थना करायची आणि समितीपुढे बसून म्हणायचं की आम्ही त्यातले नाही? ते माझ्याच्यानं तिच्याकडून करवणार नाही. दादाचं त्यानं त्याचं ठरवावं. मी त्याला एका शब्दानं बोललेली नाही, तुम्हीही बोलू नका. चिमी तिच्या बाबांच्या वंशावळीत येते, त्याच्या कागदाला तिचा कागद लागत नाही.

पैशाची काळजी करू नका. तुमचे महिन्याचे पैसे पाच तारखेलाच येतील, बाबांच्या गोळ्या आणि आईच्या गुडघ्याचं तेल यातलं काही कमी होणार नाही. पुढे गरज पडली तर आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मिळतो का ते विचारून बघू, तो अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसीच्या आरक्षणात न बसणाऱ्यांसाठी असतो. त्याला धर्म आडवा येत नाही. वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं, केंद्राच्या नियमात शेतीही पाच एकरांहून कमी लागते. आमच्या नावावर तर कुंडीतली तुळसच आहे. तो तहसीलमधून निघतो आणि दर आर्थिक वर्षाला नवा काढावा लागतो, एवढाच त्रास.

अर्जात खरी गडबड होते ती लिपिकाच्या टेबलावर. नाव मराठी, आडनाव ओळखीचं, म्हणून तो न विचारताच 'हिंदू' लिहून मोकळा होतो. आपण घाईत सही करतो. तेच जनरल रजिस्टरला चढतं, तिथून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आणि एकदा मुलानं शाळा सोडली की ती नोंद बदलायला जोडे झिजतात. म्हणून यांनी रजिस्टरमधली ओळ स्वतः वाचली. संगणकावरची माहिती वेगळी भरतात, तीही बघून घेतली. कागदावर एक आणि संगणकावर दुसरंच, असं पुष्कळदा होतं.

आई, तू दाराला कडी लावून हळू आवाजात भजन म्हणायचीस आणि मी तुझ्या पदराखाली झोपून जायचे. तो आवाज हळू होता म्हणून मला कधी कमी वाटला नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

आता ऐका, दोघंही.

भावकीत कोणी विचारलंच तर वाद घालायचा नाही. 'हो, आम्ही येशूला मानतो,' एवढं म्हणायचं आणि चहा टाकायचा. पेत्राच्या पहिल्या पत्रातही विश्वासाचं उत्तर सौम्यतेनंच द्यायला सांगितलंय. लग्नाच्या पंगतीला जायचं. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा दहावा अध्याय काढा: वाढलेलं विचारत न बसता खा, मात्र कोणी मुद्दाम 'हा नैवेद्य आहे' म्हणून सांगितलं तर खाऊ नका. हात जोडून नको म्हणायचं, तोंड वाकडं करायचं नाही. बाबा, हे तुम्हाला.

जनगणनेचं माणूस फेब्रुवारी २०२७ मध्ये येईल. बहुतेक शाळेतलेच गुरुजी असतील, म्हणून तुम्हाला संकोच वाटेल. पण १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार ती माहिती गुप्त असते, कोणाला दाखवता येत नाही, पुरावा म्हणून वापरता येत नाही. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी जबरदस्ती करणार नाही. फक्त गुरुजींना मनानं लिहू देऊ नका, तुमच्या तोंडानं सांगा.

आणि बाबा, भस्म बुधवारपासूनचे ते चाळीस दिवसांचे कडक उपास यंदा बंद. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन उपाशी राहिलं की रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी. तसं झालं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची, कमीच असली तर पुन्हा प्यायची आणि बरं वाटलं की भाकरी खायची. गोळी मनानं बंद करायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. प्रभूसाठी काही सोडायचंच असेल तर चाळीस दिवस तंबाखू सोडा. आई, चंची तू ताब्यात घे.

रविवारी पाळकसाहेबांना भेटून बाबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचा उतारा घ्या. मंडळीच्या रजिस्टरचा पान क्रमांक, सही आणि शिक्का असला पाहिजे. रजिस्टर जुनं आहे, झेरॉक्सच्या उजेडात उघडून धरू नका, मोबाईलवर फोटो काढा. मूळ उतारा तुमच्याकडेच ठेवा, मला फोटो पाठवा.

तुमची,
ताई