शिक्क्यांची पेटी माझ्याकडे आहे

प्रिय आई आणि बाबा,

पेटी माझ्याकडे आहे. "काही शिक्क्यांच्या रबराखालचा फोम सुटलाय, चिकटवून आणते," असं मी फोनवर म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. परवा निघायच्या आधी बाबा अंघोळीला गेले होते आणि आई, तू आत कपड्यांच्या घड्या घालत होतीस. तेवढ्यात मी नाताळच्या कार्डांवर मारायच्या शिक्क्यांची पेटी आणि सोनेरी पावडर वितळवायची ती गरम हवेची हीट गन, दोन्ही उचलून गाडीत ठेवली. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात आणि मग माझ्याने ते झालं नसतं. बाबा, त्या रात्री तुम्ही फोनवर आलाच नाहीत. आई म्हणाली, झोपलेत. साडेआठला तुम्ही कधी झोपता? तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

आधी गनबद्दल सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे. आई, मनगटावरचा चट्टा तू बाहीखाली लपवलास, तरी भांडी विसळताना मला दिसला. तुला विचारलं तर म्हणालीस, "जरासं लागलं." जरासं नव्हतं ते. मला वाटतं, काय झालं असेल ते मला कळलंय. पावडर वितळली की नाही हे दिसत नाही, म्हणून तू वाकतेस आणि गन आणखी जवळ नेतेस. मोतिबिंदू पिकलाय, दुसरं काही नाही. हात तुझा आजही तसाच हलका आहे. पण सोनेरी पावडर वितळायचा क्षण डोळ्यांनीच पकडावा लागतो. गन थोडी जास्त वेळ धरली की पावडर कागदात मुरते, चमक जाते आणि कडेला तेलकट डाग पडतो. मागच्या वर्षीच्या ताऱ्यांना तसंच झालं होतं आणि तू पावडरच्या नव्या डबीला नावं ठेवत होतीस. डबी चांगली होती गं.

तो क्षण मला तूच पहिल्यांदा दाखवलास. मला स्टुलावर उभं करायचीस आणि म्हणायचीस, "हात मागे, नजर ताऱ्यावर." चिकट शाईवर पडलेली ती पावडर आधी नुसती वाळूसारखी, खरखरीत, मळक्या पिवळ्या रंगाची दिसायची. गन घूं घूं करत राहायची आणि कितीतरी वेळ काहीच व्हायचं नाही. मग अचानक ताऱ्याचं एक टोक ओलं झाल्यासारखं चमकायचं आणि ती चमक सरकत सरकत पाचही टोकांना जाऊन पोचायची. मी टाळ्या वाजवायचे आणि स्टूल डुगडुगायचं. एवढं सुख मी तुझ्या हातातून काढून घेतलंय, हे मला समजतंय. म्हणून कबूल करते, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी नव्या चष्म्याचा नंबर दिला की गन परत तुझ्या टेबलावर. पण या नाताळात नाही.

आणि आई, इस्त्रीवर कार्ड धरायचं नाही. केस वाळवायच्या ड्रायरनेही नाही, त्याच्या वाऱ्याने पावडरच उडून जाते आणि तेवढी उष्णताही त्यात नसते. गॅसवर तवा ठेवून त्यावर तर अजिबात नाही. तुझ्या डोक्यात काय काय येईल ते मला माहीत आहे.

आता बाबा. तुमच्या हाताबद्दल लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले.

मागच्या वर्षी मला आलेलं हरणाचं कार्ड माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलेलं आहे. त्या हरणाच्या पाठीला बारीकशी सावली आली आहे, शिक्का उचलताना जरा सरकल्यासारखी. मला ते आवडतं, खरंच आवडतं. पण परवा कागदांच्या खोक्यात चिकटपट्टी शोधताना मला उरलेली कार्डं सापडली. कुठे शिंगं दुहेरी उमटलेली, कुठे झाड अर्धंच, आणि प्रत्येकातून चांगला आलेला तेवढा तुकडा कातरून घेतलेला. मागच्या वर्षी सगळ्या भेटींवर एवढ्या सुंदर चिठ्ठ्या कशा लागल्या, ते मला तेव्हा कळलं. आईने एकही वाया जाऊ दिलं नाही आणि तुम्ही दोघांनी एका शब्दाने सांगितलं नाही. चौऱ्याऐंशी कार्डांसाठी तुम्ही किती कागद घेऊन बसला असाल, किती रात्री, हे मी मोजायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

मी पेटी उचलली ती त्या खोक्यामुळे. राग म्हणून नाही. तुम्हाला जमत नाही असं वाटून तर मुळीच नाही. तुम्ही रात्री अकरापर्यंत मान मोडून बसता आणि सकाळी हात आणखी थरथरतो, एवढंच मला थांबवायचं होतं.

तर मी काय ठरवलं आहे ते ऐका. नकार द्यायच्या आधी पूर्ण वाचा.

पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे एक खोकं येईल. त्यात चाळीस कार्डं असतील, कापलेली आणि दुमडलेली. ए-फोरचा जाड कागद मधोमध कापून मी घडी घातली आहे, म्हणजे आपलं नेहमीचं माप, १०५ बाय १४८ मिलिमीटर, सी-सिक्स पाकिटात सैलसर बसणारं. घडीवर आधी बोथट पट्टीने रेघ ओढून घेतली आहे, बाबा, तुम्ही शिकवलीत तशी, त्यामुळे कड फाटलेली नाही. प्रत्येक कार्डावर वरच्या कोपऱ्यात सोनेरी तारा मी इथेच उठवून घेतला आहे. खरं तर आधी माझ्या मनात होतं की तुम्ही शिक्के मारावेत आणि मी सोनं चढवावं. पण शाई ओली असतानाच पावडर टाकावी लागते, दोन घरांत ते काम वाटून घेता येत नाही. म्हणून उलटं केलं, आधी तारा आणि मग बाकी सगळं तुमचं.

याचा आणखी एक फायदा आहे, तो मी स्वतः करून पाहिला. उठवलेल्या सोन्यावर साधी पाण्याची शाई धरत नाही. झाडाचा शेंडा वर सरकून ताऱ्यावर गेला, तरी कोरड्या मऊ फडक्याने हलकेच टिपा, सोन्यावरची शाई निघून येते आणि तारा झाडाच्या टोकावर बसल्यासारखा दिसतो. मला तर सरकलेलीच कार्डं जास्त आवडली.

खोक्यात एक स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म आहे. घाबरू नका, यंत्र वगैरे नाही. पारदर्शक झाकणाचा एक चपटा डबा. कार्ड आत ठेवून चुंबकाने धरायचं, क्लिअर स्टॅम्प, म्हणजे लाकूड नसलेला पारदर्शक शिक्का, त्यावर उलटा ठेवायचा, झाकण मिटलं की तो झाकणाला चिकटून वर येतो. मग त्याला शाई लावायची, झाकण मिटायचं आणि दाबायचं. फिकं आलं तर परत शाई लावून परत मिटायचं, शिक्का केसभरही हलत नाही, त्याच जागी पडतो. नीट हात असलेली माणसंसुद्धा हे वापरतात, मी वापरते. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून म्हणायचात ना, "दाब, पाच मोज, सरळ उचल"? मी झाकण मिटूनही अजून पाच मोजते. गरज नसते. तरी मोजते.

तुमचे जुने लाकडी शिक्के त्या डब्यात बसत नाहीत, जाड पडतात. तुम्हाला लागतील तेवढे खोक्यातून परत येतील आणि त्यांच्यासाठी वेगळा एल आकाराचा गुण्या पाठवते. लाकडाची कड गुण्याला टेकवून खाली आणायची, म्हणजे हाताला आधार राहतो. आणि शपथेवर सांगते, एकाही शिक्क्याचं लाकूड मी काढलेलं नाही, काढणारही नाही. दादाने ज्याच्यावर पाय दिला होता तो देवदूतसुद्धा आहे तसाच आहे. फक्त सुटलेला फोम नव्याने लावते आहे. रबर काही ठिकाणी कडक झालंय, त्याला इलाज नाही, पण आता सगळे रबराची बाजू खाली ठेवून अंधाऱ्या कपाटात आहेत. तुमच्या खिडकीतल्या उन्हात ते आणखी तडकले असते.

पेटीच्या खालच्या कप्प्यात मला कागदी हरणं मिळाली. आधी हरीण उमटवायचं, मग त्याच्यावर त्याच मापाचं कातरलेलं कागदी हरीण झाकायचं आणि वरून झाडं मारायची. कागद उचलला की हरीण पुढे आणि झाडं मागे. लहानपणी मला वाटायचं की तुम्ही त्याला जंगलातून बाहेर बोलावता. त्या कागदी हरणांच्या पाठीवर हिरव्या रेघांचे थरावर थर बसलेत, इतके की कागद पुठ्ठ्यासारखा ताठ झालाय. तीन परत पाठवते आहे. एक मी ठेवून घेते, चालेल ना?

बाबा, तुम्ही म्हणाल, चौऱ्याऐंशींची चाळीस का? तुम्हीच दर वर्षी सांगता ती गोष्ट मी आता तुम्हाला सांगते. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांच्या टेबलावर उत्तरं द्यायची पत्रं साचली. तीनच वर्षांपूर्वी एक पेनीचं टपाल सुरू झालेलं, जो तो पत्र लिहीत सुटलेला. मग त्यांनी हॉर्सली या चित्रकार मित्राकडून चित्र काढून घेतलं, दगडावरून ते छापलं, हाताने रंगवून घेतलं आणि उरलेली कार्डं एका शिलिंगला विकायला ठेवली. नाताळचं पहिलं छापील कार्ड मुळी हात पुरेनासे झाले म्हणून जन्माला आलं. ते कोणी कमीपणाचं मानलं नाही. तुम्ही चाळीस करा, उरलेली चव्वेचाळीस मी इथे करते, तुमच्याच शिक्क्यांनी. वहीतलं एकही नाव मी गाळलेलं नाही. ज्या नावांवर तुम्ही काट मारत नाही, तीसुद्धा तशीच आहेत. सगळ्या पाकिटांवर पत्ते मात्र तुम्हीच लिहायचे, तुमचं अक्षर बघूनच लोक पाकीट ओळखतात. घाई नाही, दिवसाला पाच.

झाडावर टांगायच्या वस्तूंसाठी हवेत सुकणारी पांढरी माती पाठवते. हे काम बाबांसाठी आहे आणि मला वाटतं ते तुम्हाला कार्डांपेक्षा आवडेल. चार-पाच मिलिमीटर जाड लाटायची, बटर पेपरवर. मग शाई न लावता लाकडी शिक्का सरळ दाबायचा. इथे हात स्थिर लागत नाही, जोर लागतो, आणि तो तुमच्यात आहे. खोल कोरलेले शिक्के घ्या, हिमकण आणि मेणबत्ती, बारीक रेघांचे मातीत उमटत नाहीत. गोल झाकणाने कापा, दोऱ्यासाठी भोक ओल्या मातीतच पाडा, सुकल्यावर पाडायला गेलात तर तडा जाईल. मग दोन दिवस सुकू द्या आणि मधे मधे उलटा, नाहीतर कडा वर वळतात. शिक्क्यातली माती लगेच मऊ ब्रशने काढायची. लाकडी शिक्का पाण्यात बुडवून ठेवायचा नाही, फक्त ओलसर फडकं. मी हे आईला सांगते आहे.

टेबलाबद्दल. तो नवा दिवा भिंतीला लावून घेतला की नाही? प्रकाश डाव्या बाजूने यायला हवा, म्हणजे हाताची सावली कार्डावर पडत नाही. खुर्चीवर निळी उशी ठेवा, बाबांच्या पाठीला ती जाड उशी नाही, ती पुढे ढकलते. अर्धा तास झाला की उठायचं, खोली दोनदा फिरायची, मगच परत बसायचं. जेवणानंतर लगेच बसायचं नाही. रात्री आठनंतर स्टॅम्प पॅड उघडायचं नाही, मी फोन करून विचारणार आहे आणि आई, तू बाबांच्या वतीने खोटं बोलायचं नाही. रक्तदाबाची गोळी घेतल्याशिवाय खोकं उघडायचं नाही, हेही लिहून ठेवते.

खूप हुकूम सोडले का? आई, तू मला असंच सांगायचीस, कात्री टोक धरून दे, गोंदाचं झाकण लाव, शाईचे हात फ्रॉकला पुसू नकोस. तेव्हा मी चिडायचे. तुम्ही चिडलात तर चिडा, पण फोन घ्या.

वीस तारखेला मी येते, पेटी घेऊन. गन माझ्या हातात राहील आणि आई, तू माझ्या शेजारी बसून सांगायचंस, आता काढ, आता काढ. तुला दिसेल तितकं. बाकीचं मी तुला सांगेन.

एक विचारायचं होतं. पेटीतले शिक्के मी दोनदा मोजले, छोटी घंटा त्यात नाही. त्या दिवशी बाथरूममधून पाण्याचा आवाज बराच वेळ येत नव्हता, हे मला गाडीत बसल्यावर आठवलं. बाबा, तुम्ही ती आधीच काढून ठेवली असेल तर राहू द्या तुमच्याकडे. पुढच्या कप्प्यात लाल स्टॅम्प पॅड आहे, घंटेला तेच चांगलं दिसतं.

तुमची,
धाकटी