परिपत्रकातले इंग्रजी कोण तपासणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२७ वर्षे मी शाळेत इंग्रजी शिकवले. लाल पेन माझ्याही हातात होते, त्यामुळे ही तक्रार थोडी माझ्याविरुद्धही आहे. गेल्या आठवड्यात नातीची वही चाळताना ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) या भारतीय इंग्रजीतल्या शब्दावर काट दिसली. शेजारी शेरा : असा शब्द इंग्रजीत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तो आहे, पण ते असो.

त्याच वहीत शाळेचे परिपत्रक घडी करून ठेवलेले होते. त्यात पालकांनी आपल्या ‘वॉर्ड्स’ना, म्हणजे पाल्यांना, वेळेवर पाठवावे आणि ‘डू द नीडफुल’, म्हणजे आवश्यक ते करावे! ब्रिटनमध्ये ‘वॉर्ड’ म्हणजे ज्याचा सांभाळ कायद्याने दुसऱ्याकडे सोपवला आहे असे अल्पवयीन मूल. आईबापांजवळ राहणाऱ्या पोराला तिथे कुणी वॉर्ड म्हणत नाही. ‘डू द नीडफुल’ही जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहारातले, तिकडे ते मागे पडले, आपल्या कचेऱ्यांनी जपले. म्हणजे परिपत्रकही अस्सल भारतीय इंग्रजीतच! त्यात मला काही वावगे वाटत नाही. पण मुख्याध्यापकांच्या सहीवर तेच ‘फॉर्मल’ आणि दहा वर्षांच्या मुलीच्या वहीत चूक, हा कुठला न्याय?

प्रगतिपुस्तकातला शेरा याहून बोचला : ‘मदर टंग इन्फ्लुअन्स’ कमी करावा. पोरगी ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ सारखेच उच्चारते, एवढाच गुन्हा. एकाला वरचे दात खालच्या ओठाला लावायचे, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा. दोन मिनिटांत दाखवून होते. त्यासाठी मातृभाषेला रोगाचे नाव कशाला?

सिंगापूर सरकारने २००० साली सिंग्लिशला, म्हणजे तिथल्या बोलीतल्या इंग्रजीला, आवर घालायला ‘चांगले इंग्रजी बोला’ मोहीम काढली, तेव्हा हा सोस आपल्यापुरता नाही. मात्र अमेरिकेत ॲन आर्बर शहरातल्या शाळेच्या खटल्यात १९७९ साली न्यायालयाने शिक्षण मंडळालाच कामाला लावले : कृष्णवर्णीय मुलांची घरची इंग्रजी शिक्षकांनी ओळखावी आणि वाचन शिकवताना ती ध्यानात घ्यावी.

परीक्षेचे इंग्रजी शिकवू नका, असे मी म्हणत नाही. समासात ‘परदेशी वाचकासाठी ब्रिंग फॉरवर्ड लिही’ एवढे लिहिले असते तरी भागले असते. त्याऐवजी नातीला सुधारलेले वाक्य पाच वेळा लिहायला लावले आहे. तिसऱ्या ओळीत पुन्हा ‘प्रीपोन’ आलाय. मी तो खोडलेला नाही.

– एक निवृत्त शिक्षिका