डब्यात गोळ्या भरण्याआधी

फोंडा,
१० नोव्हेंबर

प्रिय बाबल,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुमच्या अमिरातीच्या प्रवासाचं बोलताना म्हणालास, "गोळ्यांचं काय एवढं, डब्यात भरायच्या नि निघायचं." ही शेजारी बसली होती म्हणून मी विषय बदलला. आमचीच फजिती तिच्यासमोर उगाळायची नव्हती. आता लिहितो.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला दुबईला निघालो तेव्हा आम्हीही तेच केलं होतं. हिने सगळ्या गोळ्या पट्ट्यांतून सोलून सोमवार, मंगळवार लिहिलेल्या डब्यात भरल्या. मी वर कौतुकही केलं. तिच्या गुडघ्याच्या गोळ्या कमी पडत होत्या, म्हणून उरलेला तुकडा घेऊन फार्मसीत गेलो. तिथल्या पोराचा भाऊ शारजात असतो. त्याने पट्टी उलटी करून बोट ठेवलं: पॅरासिटामॉल, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ट्रॅमाडॉल. "काका, हे दुबईला नेताय?"

ट्रॅमाडॉल म्हणजे अफूसारखं काम करणारं औषध. अमिरातीत ते परवान्याशिवाय नेलं तर भलतंच प्रकरण होऊ शकतं. नुसती इथली चिठ्ठी पुढे करून भागत नाही. आणि ही दोन वर्षं "गुडघ्याची पांढरी" म्हणून ते गिळत होती! आपल्याकडे सहा गोळ्या मागितल्या की कात्रीने सहा कापून देतात. औषधाचं नाव राहतं दुकानदाराच्या तुकड्यावर, आपल्या हाती नुसता चंदेरी कागद. तेव्हा अख्ख्या पट्ट्या घे, खोक्यासकट, बिलासकट. पिशवी फुगली तर फुगू दे.

डॉक्टरांनी हिला साधी पॅरासिटामॉल दिली. माझ्या तळपायाच्या जळजळीवरची प्रेगाबालिन मात्र सोडता येईना. तीही तिकडे नियंत्रित. मग तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अर्ज केला, म्हणजे लेकीने केला, मी नुसता पासपोर्ट नि डॉक्टरांचं पत्र फोटो काढून धाडत बसलो. अशा औषधांची परवानगी ३० दिवसांपुरतीच. पुढचं तिथल्या डॉक्टरकडून घ्यावं लागलं. तुझ्या मुलाला आजच सांग, तिकीट काढून झाल्यावर नव्हे.

पत्र लेटरहेडवर, टाइप केलेलं घे. आपल्या डॉक्टरांचं अक्षर त्यांच्या कंपाउंडरशिवाय कुणाला लागत नाही. आणि त्यात मूळ औषधाचं नाव हवं. तू 'थायरॉइडची एल्ट्रॉक्सिन' म्हणतोस, पण ते कंपनीचं नाव, औषध लेव्होथायरॉक्सिन. परदेशात केमिस्टला हेच कळतं. अमेरिकेत तर साध्या पॅरासिटामॉललाही अॅसिटामिनोफेन म्हणतात.

तुझं इन्सुलिन हँडबॅगेतच ठेव. चेक-इनच्या सामानात टाकलंस तर विमानाच्या पोटात गोठू शकतं, आणि एकदा गोठलं की वितळल्यावरही ते टाकूनच द्यायचं. सुया घेतोस तर त्यांचाही उल्लेख पत्रात करून घे. मोपा विमानतळावर तपासणीत स्वतःहून सांगून मोकळा हो, लपवाछपवी केलीस तर उगाच शंका.

आणि वहिनींना सांग, शागुतीचा मसाला नेऊ नका. हसू नकोस. त्यात खसखस असते, आणि अमिरातीत खसखशीला बंदी आहे. आमच्या हिने लेकीसाठी अर्धा किलो दळून ठेवला होता. शेवटच्या रात्री पाकिटं सोडली, तेव्हा घरभर नुसता वास आणि हिचा अबोला. तो मसाला आम्ही दोघांनीच नंतर चार महिने खाल्ला.

रविवारी जेवायलाच ये. सगळ्या गोळ्या घेऊन ये, डबा नको, पट्ट्या आण. माझं भिंग आहे, सोप्यावर बसून एकेक नाव वाचू. कापलेल्या तुकड्यांचं काय ते फार्मसीतल्या पोराला विचारू, तो रविवारी दुपारपर्यंत असतो.

तुझाच,
दतू