मँटल नंतर, आधी धुराडं: ताईंना आभाराचं पत्र

ताई,
स. न. वि. वि.

न्यू जर्सीत मराठी घर विकायला निघालं की हॉलमधल्या फायरप्लेसचं आणि तिच्यावरच्या फळीचं, म्हणजे मँटलचं, काय करायचं, हे विचारायला आम्ही एजंट मंडळी तुम्हालाच फोन लावतो. तुम्ही एक पैसा न घेता सांगता, आणि सुरुवात ठरलेली: "मँटलला हात लावू नका, आधी आत वाकून बघा." आभार त्या वाक्याचे. पत्र उघड लिहितोय, कारण घर विकणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकायला हवं.

घर बघायला आलेला माणूस खरोखरच आत वाकतो, तेही फोनचा टॉर्च लावून. त्याच्या आधी त्याच्या नाकाला कळलेलं असतं. उन्हाळ्यात बाथरूमचे आणि स्वयंपाकघरातले पंखे घरातली हवा बाहेर फेकतात, तिची जागा घ्यायला धुराड्यातून हवा खाली उतरते, आणि दमट दिवसांत ती क्रिओसोटचा, म्हणजे लाकडाच्या धुराच्या डांबरी थराचा वास घेऊन येते. त्यावर सुगंधी मेणबत्ती लावली की दोन वास होतात, एक जात नाही. धुराडं साफ करून घ्यायचं, डँपर, म्हणजे धुराड्याची उघडझाप करणारी झडप, नीट बसतो का बघायचं, आणि उरल्यासुरल्या वासासाठी आत बेकिंग सोड्याचं पसरट भांडं ठेवायचं, हा तुमचा क्रम आता आम्हाला पाठ आहे. त्याला तुम्ही जोडलेला अपवाद मात्र अनेकांना ठाऊक नसतो: गॅसवर पेटणाऱ्या नकली लाकडांसाठी डँपरला क्लॅम्प लावलेला असेल, तर वास येतो म्हणून तो काढायचा नाही. डँपर पूर्ण मिटू नये म्हणूनच तो असतो. नाहीतर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो.

तपासणीबाबत तुम्ही हट्टी आहात ते बरंच आहे. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेचं एनएफपीए २११ हे मानक घराची मालकी बदलताना लेव्हल २ तपासणी सांगतं, म्हणजे धुराड्यात कॅमेरा सोडून आतल्या टाइल्सपर्यंत पाहणं. ती घर बाजारात आणण्याआधी करायची. तडकलेली टाइल गिऱ्हाइकाच्या तपासनीसाला सौद्याच्या मध्यावर सापडली, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्त किंमत खाली येते. दुरुस्ती करायची नसेल तर जाहिरातीत सरळ "शोभेची" लिहायचं, आणि शेजारी लाकडं-काडेपेटी मांडून ती चालू असल्याचा आव आणायचा नाही.

साफसफाईत सगळ्यांची चूक एकच होते: आधी पाणी मारतात. राख चार दिवस थंड होऊ द्यायची आणि झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून घराबाहेर ठेवायची. मग काजळी कोरडीच, मऊ ब्रशने आणि बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने काढायची. साध्या व्हॅक्यूममधून ती मागून उडून गालिच्यावर बसते. त्यानंतर विटा साध्या पाण्याने ओल्या करायच्या. कोरडी वीट काळं पाणी पिते, आणि डाग खोल जातो. मग गॅलनभर गरम पाण्यात अर्धा कप टीएसपी (ट्रायसोडियम फॉस्फेट, ही साफसफाईची कडक पावडर), हातमोजे आणि गॉगल घालून, नायलॉनचा ब्रश, खालून वर. तारेचा ब्रश नको. त्याचे कण विटेत राहून गंजतात. ॲसिड तर नकोच, ते सांध्यांतला चुना-सिमेंट खातं. संगमरवरी चौकट असेल तर टीएसपी आणि व्हिनेगर दोन्ही बाजूला ठेवून फक्त सौम्य साबण.

आणि मँटलवरचा गणपती! हा तुमचा खास प्रांत. विक्रीसाठी घर सजवणाऱ्या अमेरिकन स्टेजरला समईच्या तेलाचा डाग ओळखू येत नाही. संगमरवरावर बेकिंग सोडा आणि पाण्याची घट्ट पेस्ट, वर प्लास्टिक, २४ तास. गरज पडली तर पुन्हा. रंगवलेल्या लाकडावर डाग रोखणारा प्रायमर मारल्याशिवाय नवा रंग देऊ नये, तेल वर येतंच. सांडलेलं कुंकू आधी कोरड्या ब्रशने उचलायचं, ओल्या फडक्याने ते पसरतं.

सगळी वीट पांढरी रंगवायला निघालेल्यांना तुम्ही थांबवता, तेही पटतं. विटेवरचा रंग काढणं महाकष्टाचं, आणि नव्या मालकाला कदाचित वीटच हवी असते. जुनी पिवळीधमक पितळी चौकट मात्र जरूर बदलावी: ती सोडवून अंगणात न्यायची, बारीक पॉलिशपेपरने घासायची आणि उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट स्प्रेचे पातळ थर द्यायचे. इतक्या कमी पैशात हॉल इतका बदलताना आम्ही दुसरं काही पाहिलेलं नाही.

मांडणी तुमच्या लेखी शेवटची दहा मिनिटं. मँटलच्या दोनतृतीयांश रुंदीचं एक चित्र किंवा आरसा, आणि आरशात छताचा पंखा दिसत नाही ना, ते बघणं. लाकूड जाळायची फायरप्लेस असेल तर जाळीवर बर्चचे चार-पाच ओंडके. गॅसच्या बर्नरवर एकही जादा नाही. भट्टीच्या तोंडापासून सहा इंचांच्या आत जळणारं काही नको. गालिचा आणि टोपली हर्थच्या (फायरप्लेससमोरच्या न जळणाऱ्या फरशीच्या) बाहेर, म्हणजे समोर १६ आणि दोन्ही बाजूंना ८ इंच सोडून. तोंड सहा चौरस फूट किंवा त्याहून मोठं असेल तर २० आणि १२. फोटोत नाताळचे मोजे नकोत. मार्चमध्ये ते दिसले की घर कधीपासून पडून आहे ते कोणीही सांगेल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.
तुमची, न्यू जर्सीतली घरं विकणारी मराठी मंडळी

ता. क. चित्रासाठी भोक विटेत नको, सांध्यात पाडा, हे तुमचं सांगणं आता आमच्या सुतारांनाही पाठ झालंय. सांधा पुन्हा भरता येतो.